घरोघरच्या पेट्यांतले महायुद्ध : प्रस्तावना

दोन महायुद्धांच्या काळात नगर जिल्ह्यात कागदाचे दोन ओघ होते. एक बाहेरून आत येणारा. बसरा, तोब्रुक, इटली, ग्रीस अशा ठिकाणांहून शिपायांनी घरी धाडलेली पत्रे, परदेशी स्टुडिओत काढून घेतलेले फोटो, मनीऑर्डरच्या पावत्या, खिशात राहून गेलेल्या परक्या नोटा हे सारे त्यात होते. दुसरा ओघ इथून बाहेर जाणारा. नगरच्या छावणीत डांबलेल्या युरोपीय कैद्यांनी घरी लिहिलेली पत्रे, त्यांनी काढलेली चित्रे आणि मुक्कामाच्या खुणा म्हणून सोबत नेलेल्या चीजवस्तू त्यात होत्या. दुसऱ्या ओघातला कागद आज जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, दक्षिण आफ्रिका इथल्या संग्रहालयांत आणि संग्राहकांच्या कपाटांत नीट लावून ठेवलेला सापडतो. पहिल्या ओघातला कागद पारनेर, संगमनेर, श्रीगोंदा, राहुरीच्या घरांत पत्र्याच्या पेट्यांत पडून आहे आणि दर पावसाळ्यात थोडा थोडा कमी होतो आहे.

ही पुस्तिका त्या पहिल्या ओघासाठी आहे. घरात सापडलेला युद्धकाळातला फोटो किंवा कागद कसा ओळखायचा, तो काय सांगतो आणि तो टिकवायचा कसा, हे तिच्यात सांगितले आहे. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. जुन्या कागदांवर मात्र अहमदनगर आहे आणि शोध घेताना तेच नाव लागते, म्हणून इथे ते, बोलण्यातल्या ‘नगर’ या छोट्या रूपात, ठेवले आहे.

मराठीत कागद गोळा करण्याची परंपरा मोठी आहे. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. त्या मालेत एकूण बावीस खंड झाले. गावोगाव हिंडून, माळ्यावरची दप्तरे खाली उतरवून त्यांनी ही साधने मिळवली. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले तेही याच ध्यासातून. पण आपली ही दृष्टी शिवकाळ आणि पेशवाई इथेच खिळून राहिली. पणजोबांच्या सनदेची घडी आपण जपून उलगडतो आणि आजोबांचे पलटणीतले डिस्चार्ज बुक रद्दीत जाऊ देतो. विसाव्या शतकातल्या मराठी शिपायाचा कागद हा इतिहासाचा कागद आहे, हे आपल्या मनाने अजून पुरते स्वीकारलेले नाही.

त्याची निकड का आहे, हे एका स्मारकावरून कळते. पहिल्या महायुद्धात मराठ्यांच्या पलटणी मोठ्या संख्येने मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. ११० आणि ११७ क्रमांकाच्या पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या. ७ डिसेंबर १९१५ ला सुरू झालेला हा वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. त्यानंतर तुर्कांच्या कैदेतली पायपीट, उपासमार आणि रेल्वेच्या बांधकामावरची मजुरी यांत असंख्य शिपाई गेले. या आघाडीवर मेलेल्या आणि ज्यांची कबर माहीत नाही अशा चाळीस हजारांहून अधिक माणसांसाठी बसऱ्यात स्मारक बांधले गेले. त्यावर ब्रिटिश सैनिकांची नावे कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीनुसार फक्त संख्या दिली. ज्याचे नाव दगडावर आले नाही, त्याच्या घरी आलेले पत्र, त्याचा फोटो, त्याच्या नावाचे ब्राँझचे स्मृतिपदक हाच त्याचा शिलालेख. तो गेला की माणूस पुन्हा आकड्यात जमा होतो.

नगरला या साऱ्यात वेगळे स्थान आहे, कारण हे शहर शिपाई पाठवणारेही होते आणि कैदी ठेवून घेणारेही. १८०३ मध्ये ब्रिटिश सेनापती वेलस्लीने इथला किल्ला घेतला आणि पुढे इथे ब्रिटिशांची छावणी झाली. बोअर युद्धात ब्रिटिशांनी सुमारे नऊ हजार बोअर कैदी हिंदुस्थानात आणले. त्यांतले अनेक १९०१ पासून नगरला होते. अशा बोअर कैद्यांनी लाकडावर कोरलेल्या पेट्या, काठ्या आणि चिलमी आज जगभर संग्राहक शोधत असतात. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर हिंदुस्थानातले आणि पूर्व आफ्रिकेतले जर्मन, तसेच ऑस्ट्रिया-हंगेरीचे नागरिक नगरला डांबले गेले. व्यापारी, खलाशी, इंजिनिअर, बासेल मिशनचे धर्मोपदेशक असे सगळे त्यांत होते. स्त्रिया-मुलांसाठी बेळगावला वेगळी सोय होती. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात तेव्हा क्रोएशिया आणि बोस्नियाही मोडत. बाल्कन प्रदेशातल्या ज्या ठिणगीने, सारायेव्होच्या हत्येने, महायुद्ध पेटले, त्याची धग नगरच्या माळापर्यंत पोचली ती अशी. १९१७ च्या सुरुवातीला रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचे स्विस प्रतिनिधी हिंदुस्थानातल्या छावण्या पाहायला आले. त्यांनी नगरही पाहिले आणि त्यांचा अहवाल त्याच वर्षी छापला गेला.

हे कैदी पत्रे लिहीत. १९०७ च्या हेग करारानुसार युद्धकैद्यांच्या डाकेला तिकीट लागत नसे. त्यामुळे त्या लिफाफ्यांवर तिकिटाच्या जागी कैद्याची डाक असल्याचा उल्लेख आणि सेन्सॉरचा शिक्का असतो. टपालसंग्राहक याच खुणांवरून असे लिफाफे ओळखतात.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि नगरची छावणी पुन्हा भरली. नंगा पर्वताच्या मोहिमेवरून परतताना कराचीत पकडलेला गिर्यारोहक हाइनरिश हारर इथे होता. पुढे देवळाली आणि तिथून देहरादूनच्या छावणीत गेल्यावर १९४४ मध्ये तो निसटला आणि तिबेटात पोचला. जन्माने जर्मन असलेले बौद्ध विचारवंत लामा गोविंद यांनाही नगरला ठेवले गेले. आणि ऑगस्ट १९४२ मध्ये त्याच गावाच्या किल्ल्यात काँग्रेस कार्यकारिणीचे नेते आले : नेहरू, पटेल, आझाद, पंत, कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आणि इतर. नेहरूंनी १९४४ मध्ये ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिले. मौलाना आझादांनी मित्राला उद्देशून पत्रे लिहिली, ती धाडता आली नाहीत आणि पुढे त्यांचेच पुस्तक झाले. एका गावात, एकाच युद्धाच्या काळात, राजाचे शत्रू म्हणून जर्मन नागरिक आणि देशाचे नेते दोघेही बंदिस्त होते आणि त्याच जिल्ह्याचे तरुण राजाच्या पलटणींतून युरोपात लढत होते. हा पेच समजून घ्यायला तिन्ही प्रकारचे कागद शेजारी ठेवावे लागतात. नेत्यांचे कागद छापले गेले, कैद्यांचे परदेशात जपले गेले. उरले ते शिपायांचे.

नगर जिल्ह्यातल्या निमज गावचे नामदेव जाधव त्यांच्यापैकी. ते पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत शिपाई होते. ९ एप्रिल १९४५ ला इटलीतली सेनिओ नदी ओलांडताना त्यांची तुकडी जर्मन मशीनगनच्या माऱ्यात सापडली. जाधवांनी दोन खेपा करून जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, निसरड्या काठावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणले. मग एकट्याने चालून जाऊन मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली. हाताला गोळी लागल्यावर बंदूक टाकून त्यांनी हातबॉम्ब वापरले. शेवटी काठाच्या माथ्यावर उभे राहून शिवाजी महाराजांचा जयघोष केला आणि पलटण पुढे आली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याआधी १० जुलै १९४४ ला त्याच रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीतले कोकणातले यशवंत घाडगे वरच्या टायबर खोऱ्यात लढताना पडले. त्यांनाही मरणोत्तर तोच सन्मान मिळाला. त्यांची कबर कुठे, हे माहीत नाही. नाव कासिनोच्या स्मारकावर आहे.

व्हिक्टोरिया क्रॉसवाल्यांचे कागद जपले जातात. ज्यांना ‘इटली स्टार’ एवढेच पदक मिळाले त्यांचे काय? हे सहाटोकी तारकेचे पदक नगर जिल्ह्यात अजूनही सापडते आणि त्याचा अर्थ बहुतेक घरांत अपुराच ठाऊक असतो. नावात इटली असले तरी जून १९४३ ते मे १९४५ या काळात ग्रीस, युगोस्लाव्हिया आणि एजियन समुद्रातली बेटे इथे लढाईच्या क्षेत्रात असलेल्यांनाही ते दिले जाई. म्हणजे पेटीतले हे पदक इटलीचे नसून ग्रीसचेही असू शकते.

लाल गरुडाचे चिन्ह असलेली चौथी हिंदी डिव्हिजन १९४४ च्या अखेरीस इटलीतून ग्रीसमध्ये उतरली. जर्मन फौजांनी ऑक्टोबरमध्ये अथेन्स सोडले होते. १९४१-४२ च्या हिवाळ्यात तिथल्या रस्त्यांवर माणसे भुकेने मेली होती. वूला पापायोआनू या छायाचित्रकार स्त्रीने त्या दुष्काळाचे फोटो काढले. आज ते अथेन्सच्या बेनाकी संग्रहालयात आहेत. जर्मन गेले आणि ३ डिसेंबर १९४४ ला अथेन्समध्ये डाव्या प्रतिकार दलांचा सरकारशी आणि त्याच्या पाठीशी असलेल्या ब्रिटिश फौजांशी संघर्ष पेटला. फेब्रुवारी १९४५ मध्ये वार्किझा इथे करार झाला. घरी पारतंत्र्य असलेला हिंदी शिपाई दुसऱ्या देशाच्या यादवीत बंदूक घेऊन उभा राहिला, हे त्याच्या नशिबी आले. डिव्हिजनमध्ये निव्वळ पायदळ नसते. तोफखाना, इंजिनिअर, सिग्नल, मोटरवाहतूक, दवाखाना या सगळ्यांत निरनिराळ्या प्रांतांची माणसे असतात. त्यामुळे ‘आमचे आजोबा मराठा पलटणीत नव्हते’ एवढ्यावरून ते तिथे नव्हते असे ठरत नाही.

अशा शिपायाच्या घरात ग्रीसची खूण बहुधा नोटेच्या रूपात सापडते. त्या काळात तिथले चलन इतके कोसळले की नोव्हेंबर १९४४ मध्ये शंभर अब्ज द्राख्माची नोट निघाली आणि लगेच ५० अब्ज जुन्या द्राख्मांना एक नवा द्राख्मा असा दर ठरला. शिपायांनी असल्या नोटा गंमत म्हणून ठेवल्या. इटलीतल्या दोस्त फौजांच्या लिरा नोटाही अशाच सापडतात. दोन्ही नोटा एकाच पाकिटात असतील तर त्या माणसाचा प्रवास इटलीतून ग्रीसकडे झाला असावा, असा पहिला अंदाज बांधता येतो. बाजारात त्या सुट्या नोटांची किंमत फारशी नाही, पण त्यांचे एका पाकिटात एकत्र असणे हा पुरावा आहे.

या पुस्तिकेचा मुख्य आग्रह इथेच आहे : संच फोडू नका. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात एखादी पेटी आली की तिकीटवाला लिफाफा घेतो आणि आतले पत्र टाकतो. पदकवाला पदक घेतो, नोटावाला नोट घेतो, आणि घरच्या माणसांचा फोटो कुणालाच नको असतो. चार संग्रह समृद्ध होतात आणि एका माणसाचे चरित्र कायमचे नाहीसे होते. तोब्रुक जून १९४२ मध्ये पडले तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण तिथे कैद झाली. हिंदी कैद्यांसाठी इटलीत आवेझानोला छावणी होती. तिथून आलेले रेड क्रॉसचे कार्ड एकटे असेल तर ते टपालाचा एक नमुना ठरते. त्याच्यासोबत गावच्या पोस्टमास्तराचा शिक्का, बायकोच्या नावाची पैशांची पावती आणि नंतरचे डिस्चार्ज बुक असेल, तर त्यावरून तीन वर्षे एका कुटुंबाने काय भोगले ते वाचता येते.

कागद वाचायचा कसा, हे पुढच्या प्रकरणांत विस्ताराने येईल. इथे दिशा तेवढी सांगतो. युद्धात शिपायाला मुक्कामाचे नाव लिहायला बंदी होती, म्हणून पत्त्यातली अक्षरे महत्त्वाची. ‘सी.एम.एफ.’ म्हणजे सेंट्रल मेडिटेरेनियन फोर्स, अर्थात इटली आणि ग्रीसची बाजू. ‘एम.ई.एफ.’ म्हणजे मध्यपूर्व. फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यातल्या क्रमांकावरून त्या तारखेला ते पोस्ट कुठे होते हे काढता येते. पहिल्या महायुद्धातल्या तिकिटांवर ‘आय.ई.एफ.’ अशी अक्षरे वर छापलेली असतात. फोटोच्या मागची छपाईही बोलते. जर्मन बनावटीच्या फोटोकागदावर अनेकदा ‘आग्फा लुपेक्स’ दिसते. इंग्लंड-अमेरिकेच्या बाजूला ‘व्हेलॉक्स’ सापडतो. परदेशी स्टुडिओचा शिक्का असेल तर शहर मिळते. खांद्यावरची पट्टी, टोपीवरचा बिल्ला, बाहीवरचे चिन्ह भिंगाखाली पाहावे. पदकाची कड आणि मागची बाजू नक्की पाहावी, कारण हिंदी शिपायांच्या पदकांवर बहुधा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. क्रमांक मिळाला की राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींत शोध घेता येतो. त्यांत मृत शिपायाच्या वडिलांचे आणि गावाचेही नाव पुष्कळदा असते. जिल्ह्याचे नाव तिथे इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहिलेले असते, म्हणून सगळी रूपे तपासावीत.

सर्वांत किंमती असते ती घरची आठवण. हे कोण, कुणाच्या लग्नाआधी गेले होते, परत आल्यावर कुठे नोकरीला लागले, हे सांगणारी आजी किंवा मावशी आज ऐंशी-नव्वदीत आहे. फोटो दहा वर्षांनीही स्कॅन होईल. ती आठवण तेव्हा मिळणार नाही. म्हणून फोटो समोर ठेवून तिचे बोलणे आधी नोंदवून घ्यावे, तिच्याच शब्दांत, तारखेसह.

जपणूक अवघड नाही. नगरची कोरडी हवा कागदाला कोकणापेक्षा मानवते. इथले शत्रू वाळवी, कसर आणि पत्र्याच्या छताखालची उष्णता हे आहेत. फोटोला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन करू नये, मागे बॉलपेनने लिहू नये. मऊ पेन्सिलने कडेला लिहावे. स्वस्त प्लॅस्टिकच्या पिशव्यांऐवजी आम्लरहित कागदाची पाकिटे वापरावीत. जुन्या अल्बमच्या काळ्या पानांवर चिकटलेले फोटो ओढून काढू नयेत, सगळे पानच स्कॅन करावे. स्कॅन ६०० डीपीआयला, दोन्ही बाजूंचा. पदके घासून चकचकीत करू नयेत. आणि एक कायदेशीर गोष्ट लक्षात ठेवावी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित किंवा दस्तऐवज ७५ वर्षांहून जुने असेल तर ते पुरावस्तूत मोडते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर विकता-पाठवता येत नाही. दुसऱ्या महायुद्धातले कागद आता या मर्यादेत आले आहेत.

युद्धाचे फोटो गोळा करणाऱ्याने आणखी एक जबाबदारी घ्यायची असते. बाल्कन आणि ग्रीसमधल्या जर्मन सैनिकांच्या खासगी अल्बमांचा जगात मोठा व्यापार आहे. त्यांत समुद्रकिनाऱ्यावरच्या हसऱ्या फोटोंच्या पानाआड फाशी दिलेली माणसेही असतात. क्रीट बेटावरच्या कोंदोमारी गावात २ जून १९४१ ला जर्मन छत्रीधारी सैनिकांनी गावातले पुरुष गोळ्या घालून मारले. फ्रान्झ-पेटर वाइक्सलर हा सैन्याचाच छायाचित्रकार तिथे हजर होता आणि त्याने ते फोटो काढले. पुढे जर्मन राजवटीने त्यालाच तुरुंगात टाकले. त्या निगेटिव्ह जर्मनीच्या अभिलेखागारात पडून राहिल्या. १९८० मध्ये एका ग्रीक पत्रकाराला त्या सापडल्या आणि मग त्या चेहऱ्यांना गाव आणि नावे परत मिळाली. ती छायाचित्रे कुणी दिवाणखान्याच्या शोभेसाठी वाटून नेली असती, तर हे घडले नसते. म्हणून मेलेल्या माणसाचा फोटो हाती आला तर त्याची हौस करू नये. तो कुठला आहे ते शोधावे आणि ज्या गावाचा आहे त्या गावापर्यंत त्याची प्रत पोचवावी. नगरहून गेलेल्या कैद्यांच्या कागदांबद्दल परदेशी संग्राहकांकडून आपली हीच अपेक्षा आहे, तर आपणही तसेच वागले पाहिजे.

युद्धाची आठवण राखायला नगरमध्ये मोठी जागा आहेच. आर्मर्ड कोअरचे रणगाडा संग्रहालय १९९४ पासून इथे आहे आणि देशभरातून लोक ते पाहायला येतात. तिथे लोखंड जपले आहे, आणि ते जपायलाच हवे. पण रणगाडा चालवणाऱ्याने आईला काय लिहिले, हे तिथे कळत नाही. तो भाग घरांनी जपायचा आहे. शहरातले ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, गावची ग्रंथालये आणि शाळा यांना त्यात हात देता येईल. मूळ कागद घराबाहेर काढायचीही गरज नाही. स्कॅनची प्रत आणि नोंद पुरे.

एका गावाने आपल्यापुरती एक यादी करावी : पहिल्या आणि दुसऱ्या महायुद्धात कोण गेले, कुठल्या पलटणीत, कुठे लढले, कोण परतले, आणि कुणाच्या घरी कुठला कागद आहे. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत ‘या गावातून इतके गेले, इतके मेले’ असे सांगणारा संगमरवरी फलक भिंतीत बसवलेला आहे. त्यावर संख्या आहे, नावे नाहीत. शाळेच्या मुलांनी एका उन्हाळी सुटीत त्या संख्येची नावे शोधली, तरी ते इतिहासाचे खरे काम होईल. राजवाड्यांना साधने छापायला स्वतःची पदरमोड करावी लागली. आपल्याकडे खिशातल्या फोनमध्ये कॅमेरा आहे. गावोगाव अशा याद्या झाल्या की नगरच्या विसाव्या शतकाच्या साधनांचा पहिला खंड तयार होईल, आणि त्यात शिपायाचे नाव त्याच्या स्वतःच्या गावासह, पूर्ण छापलेले असेल.